पूर ओसरल्यानंतरची टाकी : बडोद्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

विश्वामित्री नदीच्या काठापासून पायी दहा मिनिटांवर असलेल्या बडोद्यातल्या एका सोसायटीत हे घडलं. सोसायटीचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. मी याच सोसायटीत राहते. निवृत्त होण्यापूर्वी बरीच वर्षं सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून काम केलं. या प्रकरणातल्या दोन चुका माझ्या आहेत, त्या जिथे घडल्या तिथेच लिहिल्या आहेत.

सोसायटीत तीन विंग आहेत, प्रत्येकी सहा मजले आणि चोवीस घरं. मराठी घरं जवळपास निम्मी, बाकी बहुतेक गुजराती. ए आणि बी विंगची जमिनीखालची पाण्याची टाकी एकच आहे, पार्किंगमध्ये. तिचं झाकण पार्किंगच्या फरशीपासून जेमतेम वीतभर उंच होतं. सी विंग नंतर बांधली. ती उंच जोत्यावर आहे आणि तिची टाकी वेगळी आहे. हा फरक पुढे फार उपयोगी पडला, पण तोवर कोणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पंपाच्या खोलीला लागून चौकीदाराची खोली आहे. दाहोदकडचं कुटुंब, नवरा-बायको आणि अडीच वर्षांचा मुलगा. त्यांचं पाणी पार्किंगमधल्या तोटीचं, आणि ती तोटी जमिनीखालच्या टाकीच्या लाइनवर होती.

२६ ऑगस्ट २०२४, सोमवार, जन्माष्टमी. दिवसभर पाऊस थांबला नाही. काळाघोडा पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट धरतात. त्या पुरात पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. आमच्या पार्किंगमध्ये रात्री पाणी शिरलं आणि सकाळपर्यंत छातीला लागलं. वीज गेली, लिफ्टचा खड्डा भरला, गाड्या बुडाल्या. विश्वामित्रीच्या पुराबरोबर मगरीही वस्तीत येतात, हे बडोद्यात पोरासोरांना माहीत असतं. त्यामुळे त्या पाण्यात पाय घालायला कोणी धजावत नव्हतं. तीन दिवस आम्ही वरच्या मजल्यांवर अडकून होतो. गच्चीवरच्या टाक्यांत पुराच्या आधीचं चांगलं पाणी होतं, तेच पुरवून पुरवून वापरलं. शेजाऱ्यांनी एकमेकांना दूध दिलं, गॅस दिला, औषधं दिली. त्या तीन दिवसांत सोसायटी फार चांगली वागली, आणि पुढचं वाचताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

३० तारखेला पाणी ओसरलं, संध्याकाळी वीज आली. ३१ तारखेला, शनिवारी, प्लंबरने पंप लावून ए-बीची टाकी उपसली. तळाशी गाळ दिसत होता. पण गच्चीवरचं पाणी संपलं होतं, माणसं पाण्यासाठी अडून बसली होती, आणि कॉर्पोरेशनचं पाणी यायची वेळ झाली होती. 'आधी भरून घेऊ, पाणी आलंय तोवर. घासायचं रविवारी बघू,' असं ठरलं. टाकी भरली, पंप चालू केला, पाणी गच्चीवर चढलं, नळांना आलं. टाळ्या वाजल्या. रविवार लोकांनी आपापल्या घरातला, दुकानातला चिखल काढण्यात घालवला. टाकी तशीच राहिली.

मी तेव्हा तिथे उभी होते. गाळ मीही पाहिला होता. तीन दिवसांच्या थकव्यानंतर नळाला पाणी आल्याचा आनंद मलाही झाला होता, आणि मी काही बोलले नाही. ही माझी पहिली चूक.

अडचण

सोमवारी, २ सप्टेंबरला, बी विंगमधल्या दोन मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पुरानंतर बाहेरून आलेलं काहीबाही खाल्लं असेल, असं घरच्यांना वाटलं. मंगळवारी दुपारी मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले. दुकानदार म्हणाला, 'ताई, तुमच्या सोसायटीत काय चाललंय? सकाळपासून ओआरएस आणि झाडा (जुलाब) बंद व्हायच्या गोळ्या नेणारी सगळी तुमच्याच गेटातून येतायत.'

मी घरी न जाता पहिल्या मजल्यापासून बी विंगची दारं वाजवायला सुरुवात केली. लिफ्ट बंद होती, गुडघे दुखत होते, म्हणून सहावा मजला शेजारच्या मुलीने केला. संध्याकाळपर्यंत चोवीस घरांत नऊ आजारी सापडले. प्रत्येक घराला वाटत होतं की आजार आपल्याच घरी आलाय. एका वहिनी तर दार लावून घेत हळू आवाजात म्हणाल्या, 'आमच्याकडे आहे, पण कोणाला सांगू नका, चार दिवसांवर गणपती आलेत.'

गणेश चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला होती. आमच्या मंडळाचा गणपती पंचवीस वर्षांहून जुना आहे. मंडप अजून चिखलात होता, पण मूर्ती ठरलेली, वर्गणी गोळा झालेली, दुसऱ्या दिवशीच्या महाप्रसादाचा आचारी सांगून ठेवलेला. बडोद्यात गणपती म्हणजे काय असतो, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको.

त्या रात्री कमिटी बसली. मी नऊ जणांची यादी पुढे ठेवली आणि म्हणाले, उद्या सकाळी आरोग्य केंद्राला कळवू. चेअरमनभाई भला माणूस. पुरात स्वतःची गाडी बुडत असताना त्यांनी आधी चौकीदाराचं सामान वर नेलं होतं. पण ते म्हणाले, 'बेन, बे दिवस जोई लईए' (ताई, दोन दिवस बघू). एकदा कॉर्पोरेशनची माणसं आली की पाणी बंद होईल, नोटीस लागेल, मंडपाला परवानगी मिळते की नाही, अशी त्यांची धास्ती. मंडळाचे जुने काका गप्प होते. शेवटी तडजोड निघाली: आजच रात्री टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची आणि दोन दिवस वाट पाहायची. पंपाच्या खोलीत दोन वर्षांपूर्वीची, ओल लागून गाठी झालेली एक पिशवी होती. कोणीतरी त्यातली ओंजळीने टाकली.

पर्यायांचा विचार

त्या रात्री झोप लागली नाही, आणि मी वहीत समोरचे पर्याय लिहून काढले. वाट पाहणं हा पहिला. पण दूषित पाण्याने होणारा आजार दोन दिवस थांबून बघण्याजोगा नसतो. पटकी (कॉलरा) असेल तर लागण झाल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत लक्षणं दिसतात, आणि लहान मूल पाणी कमी होऊन एका रात्रीत अत्यवस्थ होऊ शकतं.

दुसरा, पाणी उकळून प्यायचं. बहुतेक घरांत पाइपचा गॅस होता, त्यामुळे तो लगेच करण्यासारखा होता आणि लगेच सांगायलाच हवा होता. पण माणूस पाणी फक्त पीत नाही. चूळ भरतो, कोथिंबीर धुतो, ताटं विसळतो. शिवाय निम्म्या घरांचा आपल्या आरओ मशिनवर विश्वास. पुरानंतरच्या गढूळ पाण्याने त्याचे फिल्टर काय अवस्थेत आहेत ते कोणी पाहिलं नव्हतं. आणि आरओच्या कार्बन फिल्टरमध्ये क्लोरीन निघून जातं, म्हणून त्यातून भरून ठेवलेल्या हंड्यातलं पाणी पुन्हा दूषित व्हायला त्यात बुडवलेला एक घाणेरडा हात पुरेसा होतो.

तिसरा, टाकीत पावडर वाढवत राहणं. कमिटीला हाच आवडत होता, कारण त्यात काही थांबवावं लागत नव्हतं. पण गाळात आणि सेंद्रिय घाणीतच क्लोरीन खर्च होऊन जातं. तळाशी चार बोटं चिखल असताना वरून कितीही पावडर टाकली तरी नळापर्यंत काही उरत नाही.

चौथा, टाकी पूर्ण बंद करून टँकरचं पाणी खाली वाटणं आणि तेवढ्या वेळात टाकी घासून निर्जंतुक करणं. हा योग्य होता आणि सगळ्यांत जड होता. लिफ्ट बंद, सहाव्या मजल्यावर ऐंशीच्या पुढचे तिघे.

पाचवी गोष्ट पर्याय म्हणून लिहिली नाही, कारण ती माझ्या हातात होती: कळवणं. कळवणं म्हणजे तक्रार करणं, हा समज मी नोकरीत फार पाहिला. रोगसर्वेक्षणाचा कार्यक्रम देशात २००४ पासून चालू आहे आणि त्याचा पायाच हा आहे की खालच्या कर्मचाऱ्याने निदानाची वाट न पाहता नुसती लक्षणं कळवायची: एका वस्तीत एकदम इतके जुलाब, इतके ताप. दोष कोणाचा, हे तिथे कोणी विचारत नाही. बुधवारी, ४ तारखेला, सकाळी साडेसात वाजता मी कमिटीला न विचारता नागरी आरोग्य केंद्राला फोन केला आणि मग चेअरमनभाईंना जाऊन सांगितलं की मी फोन केलाय. ते रागावले. मी त्यांच्या जागी असते तर मीही रागावले असते. आजही मला वाटतं, फोन करणं बरोबर होतं. पण फोन करण्याआधी त्यांचं दार वाजवायला हवं होतं. पाच मिनिटांचाच फरक होता. त्या पाच मिनिटांपायी पुढचे दोन दिवस आमच्यात जे ताणलेपण राहिलं, त्याची कामात अडचण झाली.

काय केलं

दुपारी आरोग्य केंद्राची माणसं आली. तोवर आम्ही तिघींनी तिन्ही विंगची वही पूर्ण केली होती. ए विंगमध्ये १३, बीमध्ये १५, सीमध्ये १. वही समोर ठेवल्यावर आलेल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'सीची टाकी वेगळी आहे का?'

तिन्ही विंगना पाणी एकाच मुख्य लाइनने येतं. मही नदीतल्या विहिरी असोत की सयाजीरावांच्या काळापासूनचा आजवा तलाव असो, शहराकडून येणारं पाणी खराब असतं तर सीमध्येही तितकेच आजारी दिसले असते. सीतला एकमेव आजारी मुलगा दोन दिवस ए विंगमध्ये आजीकडे जेवत होता. म्हणजे बिघाड आमच्याच गेटाच्या आत, शेवटच्या वीस फुटांत होता. क्लोरोस्कोपवर (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून दाखवणारं साधन) तपासलं तर ए-बीच्या पाण्याला पिवळी छटाही आली नाही. आदल्या रात्रीची ओंजळभर पावडर कुठच्या कुठे गेली होती. भारतीय मानक १०५०० प्रमाणे नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं, आणि अशा काळात ०.५ असलेलं बरं. आमच्याकडे शून्य. सीमध्ये रंग आला.

तपासणीसाठी एचटूएसच्या बाटल्याही भरल्या. पाण्यात मैल्याचा अंश असेल तर ती बाटली एक-दोन दिवसांत काळी पडते. इथे निर्णयाची वेळ होती: बाटलीची वाट पाहायची की पाणी आत्ता तोडायचं? कमिटीतल्या एका इंजिनिअर गृहस्थांचं म्हणणं होतं, पुरावा येऊ द्या. मी वही उघडून दाखवली आणि म्हणाले, २८ आणि १, आणखी कसला पुरावा हवा? तेव्हा मंडळाचे काका पहिल्यांदा बोलले: 'पाणी बंद करा. पोरं बादल्या चढवतील, त्याची काळजी सोडा.' संध्याकाळी सहा वाजता ए-बीचा पंप बंद झाला. (बाटल्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काळ्या पडल्या, आणि इंजिनिअर गृहस्थ त्यानंतर टाकी घासायला सर्वांत पुढे होते.)

त्याच रात्री अकराच्या सुमाराला चौकीदाराची बायको माझ्या दारात आली. मूल तिच्या खांद्यावर मान टाकून पडलं होतं. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश परत जाणारी, लघवी दुपारपासून नाही. १०८ला फोन केला. तिला मी विचारलं, कधीपासून? रविवारपासून. म्हणजे आमच्या वहीतल्या पहिल्या आजाऱ्याच्याही एक दिवस आधीपासून. मी दोन दिवस दारं वाजवत फिरत होते आणि पंपाच्या खोलीशेजारच्या दारावर माझी थाप पडली नव्हती. वहीत मी फ्लॅट नंबर लिहिले होते, आणि त्या खोलीला नंबर नाही. ही माझी दुसरी चूक, आणि हिचा मला अजून त्रास होतो.

त्या आईने काही केलं नव्हतं असं नाही. साखर-मिठाचं पाणी तिने दिलं होतं, अगदी बरोबर प्रमाणात: लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाणी तोटीचं होतं. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. चांगलं पाणी मिळतच नसेल तर आहे त्या पाण्यात का होईना, ओआरएस द्यायचंच. पाण्याअभावी मूल जाण्याचा धोका मोठा असतो. पण चांगलं पाणी तिच्यापासून चाळीस पावलांवर होतं, सी विंगच्या नळाला, आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. मूल सरकारी रुग्णालयात दाखल झालं, शिरेतून सलाइन दिलं, तिसऱ्या दिवशी घरी आलं. ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात. त्या रोज मी स्वतः जाऊन दिल्या.

५ आणि ६ तारखेला टाकीचं काम झालं. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी हे नीट सांगते, कारण आमचा निम्मा वेळ माहिती नसण्यात गेला.

टाकीत पाणी किती मावतं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. प्लंबर म्हणाला वीस हजार लिटर, खजिनदार म्हणाले पन्नास. पावडरचं गणित या आकड्यावर असतं. शेवटी बांबू आणि टेप घेऊन मोजलं: चार मीटर लांब, तीन रुंद, दोन खोल. चोवीस हजार लिटर.

उपसायचा इंजिनपंप टाकीच्या तोंडाशी ठेवायचा होता, तो आम्ही उघड्यावर दूर ठेवायला लावला. इंजिनाचा धूर बंद टाकीत साठला तर आत उतरलेला माणूस गुदमरून मरतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. दोन्ही झाकणं रात्रभर उघडी ठेवली, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर कायम दोन माणसं. ॲसिड किंवा संडास धुवायचं लिक्विड आत न्यायला सक्त मनाई केली, कारण ब्लीचिंग पावडरशी ते मिसळलं की विषारी वायू सुटतो. गाळात पानं, एक चप्पल आणि मेलेले बेडूक निघाले.

मग पुढचा प्रश्न. पुस्तकी रीत अशी की दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी टाकीभर भरून बारा तास ठेवायचं आणि ओतून द्यायचं. म्हणजे ताजी, तीस टक्के ताकदीची चार किलो पावडर, आणि चोवीस हजार लिटर पाणी गटारात. टँकरसाठी अख्खा भाग रांगेत उभा असताना ते मनाला पटेना. दुसरी रीत होती: कडक द्रावणाने भिंती आणि तळ घासायचा, दर लिटरला २०० मिलिग्रॅमचं, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला अंदाजे सात ग्रॅम पावडर. अर्धा तास तसंच ठेवायचं आणि धुऊन उपसायचं. यात पाणी थोडक्यात भागतं, पण घासणारे हात चोख हवेत, कोपरा सुटला की सुटला. आम्ही ही निवडली. नवी पावडर आणली, जुनी पिशवी फेकली.

काम संपत आलं असं वाटत असतानाच माझ्या लक्षात आलं की गच्चीवरच्या चार टाक्या तशाच आहेत. ३१ तारखेला घाणेरडं पाणी आपणच पंपाने वर चढवलं होतं. खालची टाकी लख्ख करून पंप चालू केला असता तर वरच्या गाळातून तेच पाणी पुन्हा नळाला आलं असतं. खजिनदार थकून म्हणाले, 'ताई, उद्या गणपती बसायचेत, वरच्या पुढच्या आठवड्यात करू.' ३१ तारखेलाही अगदी हेच वाक्य झालं होतं, थोड्या वेगळ्या शब्दांत. या वेळी मी गप्प बसले नाही. ढोल-ताशाच्या पथकातली मुलं हरतालिकेच्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर चढली आणि साडेआठपर्यंत चारही टाक्या घासून झाल्या. त्यानंतर खालच्या टाकीत पाणी भरून त्यात दीडशे-एकशेसाठ ग्रॅम पावडर कालवून, निथळून टाकली, पंप चालू केला, आणि प्रत्येक घराला सांगितलं की क्लोरीनचा वास येईपर्यंत नळ सोडून ठेवा, नाहीतर पाइपातलं जुनं पाणी आतच राहील. रात्री दहा वाजता सहाव्या मजल्यावरच्या सर्वांत लांबच्या नळाला ०.५चा रंग आला. मी त्या नळापाशी उभी राहून रडले.

महाप्रसादाचा प्रश्न उरला होता. चेअरमनभाई आता म्हणत होते, पाणी शुद्ध झालंय, अडचण काय? शिजवलेल्या वरणभाताची मला भीती नव्हतीच. भीती होती मठ्ठ्याची, कोशिंबिरीची, प्यायच्या पाण्याच्या पिंपाची, आणि वाढणाऱ्या हातांची, कारण वाढपी मुलांतली काही स्वतः नुकतीच आजारातून उठली होती. जुलाब थांबल्यावरही काही दिवस जंतू बाहेर पडत राहतात. काकांनी निर्णय घेतला. पंचवीस वर्षांत प्रथमच दुसऱ्या दिवशीचा महाप्रसाद नाही. घरोघरची कोरडी खिरापत बाप्पापुढे ठेवायची. आरतीनंतर त्यांनी माइकवर एवढंच सांगितलं, 'यंदा पंगत पुढे ढकललीय, पोरं बरी होऊ देत.' कुणी कुरकुर केली नाही. मला वाटतं, हाच निरोप माझ्यासारखीने दिला असता तर केली असती.

परिणाम

शेवटचा नवा आजारी ८ सप्टेंबरला नोंदला गेला. एकूण ४६ जण: ए आणि बीत ३७, सीत ३, आणि ६ जण ज्यांना सुरुवातीला आमच्या वहीत जागाच नव्हती, म्हणजे चौकीदाराच्या घरचे आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या दोन मावश्यांच्या घरचे. मावश्या जाताना आमच्याच नळाचं पाणी बाटलीत भरून नेत होत्या. सीतले इतर दोघे क्रिकेट खेळून पार्किंगच्या तोटीला तोंड लावणारे मुलगे निघाले. रुग्णालयात तिघांना ठेवावं लागलं, सगळे परतले. पंगत १५ सप्टेंबरला, रविवारी झाली. गरम वरणभात आणि भाजी, मठ्ठ्याशिवाय.

वही मात्र आम्ही बंद केली नाही. चिखल उपसताना अनवाणी राबलेल्यांवर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) नजर ठेवली. ताप आणि पोटऱ्या दुखणं दिसलं की डॉक्टरकडे पाठवायचं, गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. कुंड्या, नारळाच्या कवट्या, लिफ्टचा खड्डा यांत डासांच्या अळ्या झाल्यात का, ते दर रविवारी मुलं बघत.

आणि कावीळ. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ईची कावीळ दोन ते आठ आठवड्यांनी उगवते, तेव्हा जुलाब लोक विसरलेले असतात. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती जीवघेणी ठरू शकते. सोसायटीत दोघी गरोदर होत्या. एकीला माहेरी पुण्याला पाठवलं, दुसरीवर आठवड्याला लक्ष ठेवलं; दोघी सुखरूप बाळंत झाल्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ए विंगमधल्या दोन पुरुषांना कावीळ झाली. आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवलं, आणि या वेळी फोन चेअरमनभाईंनी केला.

पुन्हा वेळ आली तर

पुराचा इशारा मिळाला की टाकी काठोकाठ भरून झाकण आवळायचं आणि गच्चीवरच्या टाक्यांची लाइन बंद करून ते पाणी राखायचं, हे आता ठरलेलं आहे. पाणी ओसरल्यावर टाकी घासून झाल्याशिवाय पंपाची चावी प्लंबरला द्यायची नाही. चावी एका माणसाकडे असते, आणि ३१ ऑगस्टला जे कोणालाच म्हणता आलं नाही ते म्हणायचा अधिकार त्याला सर्वसाधारण सभेने लेखी दिला आहे. टाकीचं माप रंगाने भिंतीवर लिहिलंय, पावडरची नवी पिशवी दर मे महिन्यात येते.

वहीचे रकाने बदलले. पूर्वी पहिला रकाना फ्लॅट नंबर होता. आता पहिला रकाना आहे 'पाणी कुठलं पितो', आणि दारं वाजवायला सुरुवात पंपाच्या खोलीपासून करायची. पार्किंगची ती तोटी काढून चौकीदाराच्या खोलीला सी विंगची लाइन दिली आहे. मूल आता बालवाडीत जातं.

एक काम राहिलंय. झाकणाचं तोंड अडीच फूट उंचावून रबरी पट्टीचं, बोल्टने आवळायचं झाकण बसवलं. पण पार्किंगच्या खांबांवर २०२४च्या पाण्याची खूण अजून दिसते, ती माझ्या छातीला लागते. नवं झाकण तिच्या खालीच आहे. टाकी जोत्यावर हलवायचा खर्च मोठा आहे. तो विषय दोन सभांत पुढे ढकलला गेला. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत मी तो पुन्हा घातला आहे, पहिल्या क्रमांकावर.